सोवळं पाणी, ओवळं पाणी

(वणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सुरुवातीला ही बाटली टेबलावर ठेवतो. बाटली सरबताची आहे, आतलं पाणी मात्र गेल्या जुलैत आपल्याच भागातल्या एका लहान कोळसाखाणीच्या नाल्यातून भरून घेतलेलं आहे. सहा महिने ती माझ्या खिडकीत उभी होती. तळाशी बोटभर गाळ, वर नितळ पाणी. आता मी ती चांगली खळखळून हलवतो. झाला चहा. माझं बोलणं संपेपर्यंत तिला कुणी हात लावू नये, एवढीच विनंती. व्याख्यान कंटाळवाणं वाटलं तर तिच्याकडे बघत बसा.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी मला आठवीत भूगोल शिकवला. पाऊस सुरू झाला की ते पुस्तकं मिटायला लावायचे, सगळ्यांना व्हरांड्यात उभं करायचे आणि विचारायचे, “पटांगणातलं पाणी कुठून बाहेर पडेल?” आम्ही एका सुरात फाटकाकडे बोट दाखवायचो. पाणी जायचं ते मुतारीमागच्या भिंतीतल्या भगदाडातून. सर काही बोलायचे नाहीत, मिशीतल्या मिशीत हसायचे. पुढे बत्तीस वर्षं मी खाणीत सर्वेअर म्हणून काढली. बघायला गेलं तर पगार याच प्रश्नाचा घेतला, आणि एकदा माझं उत्तर अगदी फाटकाकडे बोट दाखवण्याइतकं चुकलं. ते पुढे सांगतो.

खाण म्हटलं की लोकांना काळोखातला बोगदा आणि टोपीवरचा दिवा आठवतो. आपल्या वर्धा खोऱ्यात आता बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. वणी, घुग्घुस, माजरी, भद्रावती, बल्लारपूर असा हा सगळा पट्टा. वर काळी माती, तिच्याखाली वालुकाश्म, त्याच्याखाली गोंडवन काळातला कोळशाचा थर. थर गाठायचा तर वरचं सगळं खरवडून बाजूला टाकावं लागतं. त्या मातीदगडाला आम्ही ‘ओबी’ म्हणतो आणि तिच्या ढिगाला ‘डंप’. म्हणजे जिथे काल सपाट वावर होतं, तिथे आज एक खोल खड्डा आणि त्याच्या शेजारी एक डोंगर. त्यावर वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

एक हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. आता एक लहान खाण धरू. खड्डा १५ हेक्टरचा, आणि ज्यांचा उतार खड्ड्याकडे आहे अशी वरच्या अंगाची वावरं आणखी २५ हेक्टर. झड लागली आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, तर या ४० हेक्टरवर ४०,००० घनमीटर पाणी पडतं. त्यातलं चाळीस टक्के मुरलं, डबक्यांत अडलं असं हात सैल सोडून धरू. तरी २४,००० घनमीटर खड्ड्याच्या तळाशी येऊन बसणार. सेकंदाला ५० लिटर उपसणारा पंप तासाला १८० घनमीटर बाहेर काढतो. तो गाळानं चोकला नाही, वीज गेली नाही, ऑपरेटर झोपला नाही, तर १३३ तास लागतील. साडेपाच दिवस. तेवढ्यात दुसरी झड येत नाही असं कुणी सांगितलंय? आणि ६० मीटर वर चढवायचं तर, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरून, साडेसहा हजार युनिट वीज. न घडणाऱ्या गोष्टीला आपण ‘वळचणीचं पाणी आढ्याला जाणं’ म्हणतो. आम्ही ते रोज नेतो, बिल भरून.

तळाशी पाणी जिथे गोळा होतं त्या खड्ड्याला इंग्रजीवरून ‘संप’ म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे संप बाराही महिने चालू असतो. नव्यानं रुजू झालेला एक कारकून पहिल्याच पावसाळ्यात “संप वाढतोय, रात्रीतून चिघळेल” असं ऐकून युनियनच्या ऑफिसात मागण्या विचारायला गेला होता.

त्या २४,००० घनमीटरांकडे परत या. त्यातले १५,००० खाणीचे नाहीतच. ते पाणी वरच्या वावरांवर पडलं. तुरीतून, पऱ्हाटीतून वाहत आलं. त्याला खाणीशी काही घेणंदेणं नव्हतं. वरच्या वर वळवलं असतं तर जसं होतं तसं नाल्याला मिळालं असतं. खड्ड्यात उतरून कोळशाच्या चुऱ्याला शिवलं की ते ओवळं झालं. आता ते उपसा, निवळा, तपासून घ्या आणि मग सोडा. माणसांमधलं सोवळंओवळं गेलंच पाहिजे, त्यात मला शंका नाही. खाणीवरच्या पाण्याचं मात्र कडक पाळावं असं माझं मत आहे. आमच्याकडे मोठा पंप मागवणारा मॅनेजर कर्तबगार समजला जातो. मला तो उशिरा जागा झालेला माणूस वाटतो.

वळवायचं कशानं? खड्ड्याच्या वरच्या अंगाला गळ्यातल्या माळेसारखा चर काढतात. म्हणून त्याचं नाव गारलँड ड्रेन, बोलताना नुसतं गारलँड. चर काढणं हे काही शास्त्र नाही असं पुष्कळांना वाटतं. पोकलेन लावला, बकेटच्या रुंदीएवढी नाली ओढली, फोटो काढला, फाइलला लावला. पण त्या २५ हेक्टरांवर तासाला ६० मिलिमीटरच्या जोरानं पाऊस आला तर मघासारखे चाळीस टक्के वजा करूनही सेकंदाला अडीच हजार लिटर पाणी चरात येतं. तळाला एक मीटर रुंद, दोन्ही काठ एकास एक तिरपे, पाण्याची खोली नव्वद सेंटिमीटर आणि वर हातभर मोकळी जागा, एवढा चर हवा. उतार दोनशे मीटरला एक मीटर. त्याहून जास्त दिला तर पाणी चराचा तळ खाऊन टाकतं, कमी दिला तर गाळ बसून चर भरतो. या उतारावरही पाण्याला जो वेग येतो त्याला आपली काळी माती टिकत नाही, दगडाचं पिचिंग करावं लागतं. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून सरकते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. घराच्या भिंती तडकल्या म्हणून आपण सगळेच तिला शिव्या देतो.

आता माझं चुकलेलं उत्तर.

एका नव्या खाणीचा डंप कुठे टाकायचा याची आखणी मी मे महिन्यात केली. वर ४५ अंशांचं ऊन, खाली भेगाळलेली जमीन. एका वावरातून हातभर खोल सखल पट्टा गेला होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर बारमाही पाणी निळं दाखवतात, कोरडा नाला काळा. त्या पट्ट्यावर एक केसाएवढी काळी रेघ होती. कास्तकारानं पट्टा नांगरून वावराला जोडून घेतला होता, म्हणून मीही ती रेघ सोडून दिली. धुऱ्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. म्हणाले, “सायेब, इथं ढीग टाकू नोका. झड लागली का इथून कमरीएवढं पानी चालते.”

मी म्हटलं, “आजोबा, आम्ही बाजूनं नाली काढणार आहोत.”

“नाली तुमची हाये,” ते म्हणाले. “पानी कोनाचं हाये?”

पहिल्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी जुलैमधल्या एका पहाटे डंपच्या पायथ्याचा साठेक मीटरचा तुकडा बसला आणि पुढे सरकला. खाली दाबलेल्या नाल्यानं तळमाती भिजवून तिचं लोणी केलं होतं. गारलँड त्या मातीखाली गाडला गेला, पाणी मागे तुंबलं आणि मग तीन वावरांतून वाट काढत खाली उतरलं. गुडघ्याएवढी झालेली पऱ्हाटी वीतभर चिखलाखाली गेली. माणूस दगावला नाही. भरपाईचे कागद दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मी पोचलो तेव्हा म्हातारेबुवा चिखलात रुतलेली एक चप्पल काठीनं उकरून काढत होते. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी ॲबरफॅनची हकीकत शोधून वाचून काढली. वेल्समधलं कोळशाच्या खाणीचं गाव. गावाच्या वरच्या डोंगरावर खाणीचा टाकाऊ माल टाकत. सात क्रमांकाचा ढीग १९५८ पासून एका झऱ्यावर घातला होता. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो भिजलेला ढीग पातळ होऊन खाली धावला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. न्यायाधीश एडमंड डेव्हिस यांच्या चौकशीनं दोष सरकारी कोळसा मंडळावर ठेवला आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये खास ढिगाऱ्यांसाठी कायदा झाला. वाचताना मी एका जागी थांबलो. तिथले झरे आणि ओहोळ सरकारी नकाशांवर आधीपासून दाखवलेले होते. माझ्याही नकाशावर रेघ होती.

तेव्हापासून मी जागा बघायला दोनदा जातो. एकदा मे महिन्यात आणि एकदा झडीत. आणि जाताना धुऱ्यावर बसलेल्या माणसाला आधी विचारतो. तो नाही म्हणाला तर नकाशा परत उघडतो.

डंपवर करायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. माथ्याचा उतार आतल्या बाजूला हवा, नाहीतर पाणी तोंडावरून उतरतं आणि एका पावसाळ्यात मनुष्य उभा राहील एवढ्या घळी पाडतं. मधल्या पायऱ्यांनाही तसाच आतला उतार. पायथ्याशी दगडाची भिंत, म्हणजे टो वॉल, आणि तिच्या आत चर. ओबी टाकण्याआधी वरची काळी माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी तीच वर पसरायची. मग गवत, वाळा, करंज, बांबू. झाडं लावण्याचा समारंभ सगळीकडे होतो. काळी माती वेगळी ठेवण्याचा समारंभ होत नाही, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी डंपच्या पोटात गेलेली असते आणि रोपं दगडावर मरतात.

आता बाटलीकडे बघा. पंधरा-वीस मिनिटं झाली. तळाशी राखाडी थर बसला आहे, पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. वरचं पाणी मात्र अजून गढूळच आहे.

याचं कारण स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सूत्रात बांधलं. कण जेवढा बारीक तेवढा तो सावकाश बसतो, पण प्रमाण सरळ नाही. कण दहापट बारीक झाला तर शंभरपट वेळ लागतो. एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा पोयट्याचा कण दीड मीटर खोल टाकीत तळाला जायला सव्वा तास घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ पाच दिवस लागतात. तेही पाणी निश्चल असेल तर. त्यात पंपाची धार पडत असेल, तर तो कण पावसाळाभर तरंगतच राहतो.

म्हणूनच खाणीवरचं निवळण तळं, ज्याला सेटलिंग पाँड म्हणतात, ते खोल असण्यापेक्षा पसरट असावं लागतं. पाणी एका टोकाला हळू शिरावं, मध्ये आडव्या भिंतींना वळसे घालत जावं आणि दुसऱ्या टोकाच्या सांडव्यावरून पातळ चादरीसारखं पडावं. मी अशी तळी पाहिली आहेत जिथे येणारा पाइप आणि जाणारा पाइप शेजारी-शेजारी होते. पाणी आत यायचं, यू-टर्न घ्यायचं आणि बाहेर. तळं आपलं कोपऱ्यात शांत उभं. तळी दोन हवीत, कारण एक उपसत असताना दुसरं चालू राहिलं पाहिजे. चिकणमाती हट्ट करायला लागली की तुरटी. आपल्या आज्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायच्या, त्यांना स्टोक्स माहीत नव्हता. तुरटीनं बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि बसतात, एवढीच त्यातली खुबी.

कोळसाखाणीतून नाल्यात सोडायच्या पाण्याचे निकष सप्टेंबर २००० पासून ठरलेले आहेत. तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत, सामू ५.५ ते ९. तेल असतं ते वर्कशॉपच्या धुलाईच्या पाण्यात, म्हणून त्याचं गटार पहिल्यापासून वेगळं काढावं. सामूच्या बाबतीत आपण नशीबवान, गोंडवनातल्या कोळशात गंधक सहसा कमी असतं. मेघालयातल्या कोळशात ते भरपूर. तिथे खाणीतलं पाणी आणि हवा मिळून गंधकाचं आम्ल होतं. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसते ती त्या भागातल्या प्रदूषणानं, आणि पर्यटक तिचे फोटो काढतात.

खाणींच्या अहवालांत हल्ली ‘शून्य विसर्ग’ असा एक शब्द असतो. म्हणजे एक थेंबही बाहेर सोडणार नाही, सगळं रस्त्यांवर शिंपडणार आणि झाडांना घालणार. मार्च महिन्यात हे अक्षरशः खरं असतं. धुळीचा लोट उठला की टँकर फिरतो, आणि ते पाणी संपातलंच असतं, चांगली गोष्ट आहे. पण जुलैत, २४,००० घनमीटर पाणी घेऊन, भिजलेल्या रस्त्यावर कोण शिंपडणार? मग रात्री साडेबाराला पंपाचा पाइप थेट नाल्यात जातो. सकाळी गावातली बाई कपडे धुवायला येते तेव्हा नाला काळा असतो. शून्य लिहिण्यापेक्षा किती सोडू, कुठून सोडू आणि किती निवळून सोडू हे लिहावं. खोट्या शून्याला कुणी मोजत नाही.

नदीचं बोलायलाच हवं. कायदा सांगतो की खाणीच्या तोंडाची सर्वांत खालची पातळी तिथल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा किमान दीड मीटर वर असावी, आणि नदीच्या खाली किंवा तिच्या काठापासून आडव्या अंतरानं १५ मीटरच्या आतल्या जागेखाली परवानगीशिवाय खोदू नये. या ओळींमागे मेलेली माणसं आहेत. सप्टेंबर १९९५ मध्ये धनबादकडे गजलीटांडला रात्रभर पाऊस पडला, कतरी नदीचं पाणी भुयारी खाणीत शिरलं आणि ६४ कामगार आतच राहिले. आपल्याकडे २०२२ च्या जुलैत वर्धेनं काय केलं ते समोर बसलेल्या अर्ध्या लोकांनी घरात पाणी घेऊन पाहिलं आहे. चंद्रपुरात इरईच्या काठावर ओबीचे डोंगर उभे आहेत, शहरात पूर आला की त्यांच्याबद्दल बोलणं निघतं आणि पाणी उतरलं की थांबतं. पुराची रेषा जुन्या नोंदींवरून काढतात. नदीच्या पात्राशेजारी डोंगर उभा केल्यावर तीच रेषा कशी चालेल, हा प्रश्न मी नोकरीत असताना दोनदा लेखी विचारला. दोन्ही वेळा पोच मिळाली.

लहान खाणीची अडचण वेगळी असते. मोठ्या खाणीला पाण्याचा स्वतंत्र इंजिनियर असतो. लहान खाणीत एकच सर्वेअर असतो, तोच मोजमाप करतो, तोच स्फोटाची जागा आखतो आणि चर साफ झाला की नाही तेही त्यालाच विचारतात. आणि चर साफ करायचा असतो एप्रिल-मेमध्ये, नेमका जेव्हा पावसाळ्याआधी कोळसा काढून घेण्याची घाई असते. एक पोकलेन आठ दिवस चराला द्या म्हटलं की मॅनेजर आभाळाकडे बघतो. आभाळ कोरडं असतं. मी एकदा अशाच एका खाणीच्या मॅनेजरसमोर साधा हिशेब ठेवला. चर नीट असेल तर १५,००० घनमीटर खाली उतरणार नाही. प्रत्येक मोठ्या झडीमागे चार हजार युनिट वीज आणि तीन-साडेतीन दिवसांचा पंप वाचेल. कोळशाचा तळ तेवढे दिवस आधी उघडा होईल. पर्यावरणावर मी त्यांच्याशी तीन वर्षं बोललो होतो, उपयोग झाला नव्हता. या कागदावर त्याच दिवशी सही झाली. मला जरा वाईटच वाटलं, पण पोकलेन मिळाला.

त्या खाणीवर मग आम्ही एक प्रथा पाडली. रोहिण्या लागण्याआधी एक दिवस चराच्या पूर्ण लांबीनं चालत जायचं. मॅनेजर, मी, ओव्हरमन, पंपवाला, आणि खालच्या वावरांचे तीन-चार कास्तकार. पहिल्या वर्षी कास्तकार आलेच नाहीत, दुसऱ्या वर्षी भांडायला आले. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या एकानं चराच्या एका वळणाशी थांबून काठी टेकवली आणि म्हणाला, “इथं फुटते.” आम्हाला काही दिसत नव्हतं. मी डंपी लेव्हल लावून बघितली, तिथे चराचा काठ चौदा सेंटिमीटर खाली बसला होता. त्याला विचारलं, कसं कळलं? म्हणाला, “इथचं गवत हिरवं हाये नं जी.”

बराच वेळ घेतला. बाटली बघू या. तास होत आला. तळाचा थर मघाएवढाच दिसतो आहे, त्यात फारशी भर नाही. मधलं पाणी अजून चहाच आहे. अगदी वर, बुचाच्या खाली, अर्धा इंच जरा उजळ झालं आहे. मागच्यांना दिसणार नाही. जाताना टेबलाजवळून गेलात तर वाकून बघा, पण टेबलाला धक्का लागू देऊ नका.